संडास परसात, आई पलंगावर: घरातल्या बदलांसाठी कुठून मदत मिळते का?

नदीकाठ (४ मार्च, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ७६ वर्षांची. जानेवारीत पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. फिजिओथेरपीने आता धरून उभी राहते, वॉकर घेऊन दहा-बारा पावलं टाकते. घर सातारा जिल्ह्यात, ग्रामपंचायतीच्या हद्दीत, वडिलांनी १९८४ ला बांधलेलं. जोतं उंच, पुढच्या दाराला तीन पायऱ्या. आंघोळ स्वयंपाकघरातल्या मोरीत. संडास परसात, तोही उकिडवं बसायचा. सध्या सगळं पलंगावरच चाललंय आणि त्यानेच ती जास्त खचलीय.

गवंड्याने एस्टिमेट दिलंय १,८५,०००. मागच्या पडवीत संडास-बाथरूम, मधल्या खोलीचं दार रुंद, पुढच्या पायऱ्यांवर उतार. दवाखान्यात आधीच साडेतीन लाख गेलेत. मी पुण्यात खासगी नोकरीत, फ्लॅटचा हप्ता चालू. भावाचं गावात छोटं दुकान. आईला वडिलांचं कुटुंब निवृत्तिवेतन महिना साडेनऊ हजार.

सरकारी योजना, बँक, ट्रस्ट, काहीही चालेल. अशा कामाला कुठून मदत मिळते का? गूगलवर शोधलं की सगळ्या अमेरिकेतल्या योजना निघतात.

पिठलंभाकर (४ मार्च, रात्री १०:४०)

वाचनखूण साठवली. आमच्या सासूबाई त्याच वाटेवर आहेत. आईंना लवकर आराम पडो.

हिशोबनीस (४ मार्च, रात्री ११:२५)

आधी वाईट बातमी. "घरात बदल करण्यासाठी अनुदान" अशा नावाची योजना मला आजवर भेटलेली नाही, आणि दोन वर्षं मी हेच शोधत होतो. मिळतात ती साधनं.

मुख्यमंत्री वयोश्री योजना, राज्य सरकारची, २०२४ पासून. ६५ च्या पुढच्यांना एकदाच ३,००० रुपये, थेट आधारशी जोडलेल्या खात्यात. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा वगैरेंसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत हवं.

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री, २०१७ ची. पैसे नाही, वस्तू मिळते, शिबिरात. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीचा माल असतो. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५,००० पर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी.

तिसरी एडिप, केंद्राचीच, अपंगांना साधनं देणारी. वयाची अट नाही, पण ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. महिना २२,५०० पर्यंत उत्पन्न असेल तर साधन फुकट, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत.

थोडक्यात, सरकार वस्तू देतं, वास्तू नाही.

तिसराजिना (४ मार्च, रात्री ११:३१)

म्हणजे चाकाची खुर्ची सरकार देणार, ती दारातून आत कशी न्यायची ते तुमचं तुम्ही बघा. :)

नदीकाठ (५ मार्च, सकाळी ८:०५)

हिशोबनीस, मनापासून आभार. ३,००० मध्ये कमोड खुर्ची तरी येईल. पण "कुटुंबाचं उत्पन्न" म्हणजे कुणाचं? आई भावाकडे राहते, रेशनकार्ड एकत्र. माझं धरलं तर विषयच संपला.

खटपट्या (५ मार्च, सकाळी ९:१७)

सोपं आहे. आईचं रेशनकार्ड वेगळं करा, तलाठ्याकडून साडेनऊ हजारांच्या हिशेबाने दाखला घ्या. सगळं गाव हेच करतं.

निवृत्तगुरुजी (५ मार्च, सकाळी ९:५०)

सगळं गाव करतं म्हणून ते बरोबर होत नाही. ज्या बाईला खरंच कुणी नाही तिचे ते तीन हजार आहेत. ज्याचा मुलगा पुण्यात फ्लॅटचा हप्ता भरतो त्याने त्या रांगेत उभं राहू नये, एवढं माझं मत. धागाकर्त्यांनी राग मानू नये.

खटपट्या (५ मार्च, सकाळी १०:०२)

गुरुजी, तुम्हाला पेन्शन आहे म्हणून तत्त्वं परवडतात. दवाखान्यात साडेतीन लाख गेलेत हे वाचलंत का?

नदीकाठ (५ मार्च, दुपारी १:३०)

भांडू नका. आई खरोखर भावाकडे असते, त्यामुळे जे खरं आहे तेच लिहून देतो. बसलं नियमात तर बसलं. मला मोठी चिंता बांधकामाची आहे.

चाकावरचा (५ मार्च, रात्री ९:४४)

कोल्हापूरवरनं लिहितोय. वय ४१, पोलिओ, बारा वर्षांचा असल्यापासनं खुर्चीवर. ह्या विषयात माझी पीएचडी आहे म्हणा.

पहिलं काम पैशाचं नाही, दाखल्याचं. आईंचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. पक्षाघाताने आलेलं अपंगत्व त्यात धरतात. म्हातारपण वेगळं आणि अपंगत्व वेगळं असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि ४० टक्क्यांच्या वर गेलं की दारं उघडायला लागतात. ऑनलाइन अर्ज, मग सिव्हिलला तपासणी. फिजिओथेरपी चालू असेल तर काही वेळा तात्पुरता दाखला देतात. तोही घ्या, चालतो.

दुसरं, ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, महापालिका, सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आधी ३ टक्के होता. बऱ्याच गावांत तो दिवाळीला फराळाचं किट वाटून संपवतात. तुम्ही लेखी अर्ज द्या, दाखल्याची प्रत जोडा, पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख, "ठेवून जा" नव्हे.

तिसरं, तो उतार. तीन पायऱ्या म्हणजे सात-सात इंच धरले तर २१ इंच. नियम १:१२ चा, एक इंच चढायला बारा इंच लांबी. म्हणजे तुम्हाला २१ फूट उतार लागतो. तुमच्या गवंड्याने किती धरलाय?

नदीकाठ (५ मार्च, रात्री १०:०१)

सहा फूट.

चाकावरचा (५ मार्च, रात्री १०:०३)

ती घसरगुंडी आहे. वरनं सोडलं की आई थेट तुळशीवृंदावनात.

तिसराजिना (५ मार्च, रात्री १०:०९)

हसू नये, पण हसलो.

चाकावरचा (५ मार्च, रात्री १०:२०)

हसा की. माझ्या मामाने असाच उतार बांधला होता, मी त्यावरनं दोनदा पडलोय. अंगणात २१ फूट नसतील तर मधे सपाट जागा ठेवून वळवून घ्या, किंवा शेजारच्या बाजूने जोत्याला चिकटवून न्या. आणि दोन्ही बाजूंना कठडा. पण खरं विचाराल तर आईंना रोज बाहेर जायचंय का रोज संडासला जायचंय? पैसे कमी असतील तर उतार थांबू शकतो, संडास नाही.

कोल्हापुरात कधी आलात तर नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' संस्था बघून जा. खुर्चीवरच्या माणसाने आखलेली इमारत आणि खुर्चीवरच्या माणसासाठी आखलेली इमारत ह्यात फरक असतो, तो तिथं डोळ्यांनी दिसतो.

नदीकाठ (७ मार्च, रात्री ११:१०)

चाकावरचा, एवढं सविस्तर लिहिलंत, काय बोलू. काल आईशी दाखल्याचं बोललो. तिने तोंड फिरवलं. म्हणाली, "मी काय पांगळी आहे? होईन बरी." मग वहिनीला म्हणाली, "माझ्या लेकाने माझा फोटो अपंगांच्या कार्डावर लावायचं ठरवलंय." पुढे बोलवेना.

सदाफुली (८ मार्च, सकाळी ७:४०)

अगदी आमचंच घर. बाबांना पार्किन्सन्स. दीड वर्ष आम्ही दाखला काढला नाही, कारण बाबा म्हणायचे मी बँकेत अधिकारी होतो. शेवटी त्यांच्या फिजिओच्या ताईंनी सांगितलं, "काका, हे कार्ड म्हणजे तुम्हाला काय येत नाही त्याची यादी नाही. तुमच्या खर्चाची पावती आहे." तेव्हा कुठे आले.

कार्डाला रंग असतात. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या मध्ये पिवळं, ८० आणि वर निळं. बाबांना पिवळं मिळालं तर तोंड एवढंसं झालं. आधी काढायचंच नव्हतं, मग निळं का नाही म्हणून रुसले!

चाकावरचा (८ मार्च, सकाळी ८:५५)

सदाफुलीताई, गोष्ट छान. पण एक बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. "मी काय पांगळी आहे" हे वाक्य आम्ही दारात बसून ऐकत असतो. आम्ही आहोत पांगळे, आणि आमचं चाललंय बरं. आईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं कोल्हापूरचा एक पांगळा स्वतःची तीन चाकी चालवत दुकानाला जातो. कार्डाने कोण पांगळा होत नाही.

नदीकाठ (८ मार्च, सकाळी ९:३०)

सांगतो. आणि माफ करा, मी ते वाक्य जसंच्या तसं लिहायला नको होतं.

चाकावरचा (८ मार्च, सकाळी ९:३४)

छे हो. लिहिलंत म्हणून तर बोलता आलं.

बाकीशून्य (८ मार्च, दुपारी ३:१५)

दाखला निघाला की आयकराचं विसरू नका. पेशाने सीए आहे म्हणून लिहितो.

१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडी. अवलंबून असलेल्या अपंग नातेवाइकासाठी (आई-वडील चालतात) ७५,००० रुपयांची वजावट, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. खर्च किती झाला त्यावर ही रक्कम ठरत नाही, ठोक मिळते. उपचार आणि देखभालीवर खर्च झालेला असला म्हणजे पुरे. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ७५,००० वर उपकरासह २३,४०० रुपये कर वाचतो. म्हणजे संडासाच्या फरशा आणि प्लंबिंग निघालं.

तीन मेखा. एक, ही सवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नवीन प्रणालीत असाल तर दोन्हीकडचा हिशेब मांडून बघा, फक्त या एका वजावटीसाठी जुन्यात येणं परवडेलच असं नाही. दोन, आई मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असायला हवी, तिचं साडेनऊ हजार निवृत्तिवेतन लक्षात घेऊन विचार करा. तीन, आईने स्वतः ८०यू ची वजावट (अपंग व्यक्तीला स्वतःच्या उत्पन्नावर मिळते ती) घेतलेली नसावी.

घरदुरुस्तीसाठी कर्ज काढलंत तर राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० पर्यंत वजावट असते, तीही जुन्या प्रणालीतच आणि घर ज्याच्या नावावर त्यालाच. घर आईच्या नावावर आणि कर्ज तुमच्या नावावर असेल तर उपयोग शून्य.

हिशोबनीस (८ मार्च, दुपारी ३:४०)

+१. आणि गंमत बघा, ज्याला कर भरावा लागतो त्याला २३,४०० मिळतात आणि ज्याचं उत्पन्न दोन लाखांच्या आत आहे त्याला ३,०००.

निवृत्तगुरुजी (८ मार्च, दुपारी ४:१०)

हे मात्र शंभर टक्के पटलं.

टेम्सकाठी (९ मार्च, रात्री १:२०)

इंग्लंडमध्ये याला 'डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट' म्हणतात. कौन्सिल देते, इंग्लंडात कमाल ३०,००० पौंड, वेल्समध्ये ३६,०००. उत्पन्न आणि बचत बघतात. आमच्या मंडळातल्या एका काकूंना त्यातून बाथटब काढून पायरी नसलेली शॉवरची जागा करून मिळाली. आधी ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी येऊन तासभर काकूंना उठ-बस करायला लावून बघते आणि तीच सांगते काय बदलायचं. कायद्याने सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. काम व्हायला मात्र काकूंचं वर्ष गेलं.

काटाकाना (९ मार्च, सकाळी ८:००)

मी पुण्यात जपानी दुभाषी. जपानमध्ये २००० पासून शुश्रूषा विमा आहे, त्यातून घराच्या बदलांना दोन लाख येनपर्यंतचा खर्च धरतात, थोडा हिस्सा आपला. कुठले बदल चालतात त्याची यादीच आहे: कठडे, पायऱ्या-उंबरे काढणं, न घसरणारी जमीन, सरकतं दार आणि (धागाकर्त्यांनी लक्ष द्यावं) उकिडवं बसायच्या संडासाच्या जागी कमोड! म्हणजे ही अडचण फक्त आपलीच नाही.

खटपट्या (९ मार्च, सकाळी ८:२२)

छान. आता सातारा जिल्ह्यात येन कुठे मिळतात तेवढं सांगा. तिकडची वर्णनं वाचून इथल्या माणसाचं काय होणार? हलकेच घ्या.

हातोटी (९ मार्च, सकाळी १०:३५)

होतं, होतं. टेम्सकाठींनी सांगितलेलं त्या थेरपिस्टचं काम इथे मी करते. मुंबईत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (आयडीतली 'ओटी' ओळखली असेलच). आपल्याकडे लोक आधी गवंडी बोलावतात आणि मग आम्हाला, तेही पडझड झाल्यावर. पद्धत उलटी हवी.

नदीकाठ, तुमच्या १,८५,००० मधले किती खरंच लागतात ते आधी बघू. तुम्ही लिहिलंय त्यावरून:

परसातल्या संडासावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, मधे भोक असलेली. बांधकाम होईपर्यंत तीच पलंगाशेजारी भांडं लावून वापरता येते. पलंगावरचं भांडं आजच बंद करा. उठून खुर्चीवर बसणं हाच त्यांचा व्यायाम.

मोरीत आंघोळीसाठी हात असलेली, पायांना रबर असलेली खुर्ची. उभ्याने आंघोळ नको.

धरायच्या दांड्या, आणि त्या डाव्या हाताला येतील अशा. त्यांची उजवी बाजू गेलीय, म्हणजे कमोडवर बसल्यावर डावीकडे भिंत यायला हवी. गवंड्याच्या नकाशात कमोड उलट्या बाजूला असेल तर आत्ताच बदलून घ्या. नंतर बदलायला तोडफोड करावी लागेल.

दार आत उघडणारं नको. माणूस दाराला टेकून पडला तर बाहेरून उघडत नाही. बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा, कडी बाहेरूनही काढता येईल अशी.

अवांतर: ज्यांना वाटतं ऑक्युपेशनल थेरपी हे विलायती खूळ आहे त्यांच्यासाठी: मुंबईच्या केईएममध्ये तिचं शिक्षण १९५० पासून आहे. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. म्हणजे नदीकाठ, तुमच्याच जिल्ह्यातली.

नदीकाठ (९ मार्च, दुपारी १२:०५)

हातोटीताई, आत्ता गवंड्याला फोन केला. कमोड उजवीकडच्या भिंतीलाच होता. बदलायला सांगितला. दांड्यांचं म्हणाला, "टॉवेल-रॉड आहे की, तोच जरा जाड लावतो."

हातोटी (९ मार्च, दुपारी १२:११)

नाही नाही नाही. टॉवेल-रॉड टॉवेलसाठी. अख्ख्या माणसाचं वजन झटक्यात येतं तेव्हा तो फरशीसकट हातात येतो. स्टीलची जाड ग्रॅब बार घ्या, गुळगुळीत नाही तर बोटांना पकड देणारी. भिंत पक्क्या विटेची असेल तर अँकर फास्टनर. हलक्या पांढऱ्या ब्लॉकची असेल तर आरपार बोल्ट टाकून मागून पट्टी. बसवल्यावर गवंड्याला स्वतःला लटकायला सांगा. तो लटकला नाही तर पैसे देऊ नका.

तिसराजिना (९ मार्च, दुपारी १२:३०)

आमच्याकडे साडेतीन हजारांच्या दोन दांड्या बसवल्या. एकीवर आजीचं लुगडं वाळतं, दुसरीवर आजोबांची बंडी. धरायला दोघेही नळच धरतात.

स्लोलोकल (१० मार्च, रात्री १०:५०)

गावात निदान अंगण आपलं आहे. सोसायटीतलं ऐका. डोंबिवलीजवळ तळमजल्यावर आमचा फ्लॅट, लिफ्टपर्यंत आणि दारापर्यंत चार पायऱ्या. बाबांचा पाय मधुमेहाने गुडघ्याखाली कापला. मी म्हटलं, खर्च माझा, फक्त लॉबीच्या बाजूला उतार करू द्या. सर्वसाधारण सभेत एक गृहस्थ म्हणाले, "एन्ट्रन्सचा लूक जाईल, फ्लॅटला भाव येणार नाही." दुसरे म्हणाले, "उद्या सगळेच मागतील." सगळ्यांचे पाय कापले जाणार आहेत की काय?

दोन सभा गेल्या. मग मी २०१६ च्या कायद्याचा उल्लेख करून सोसायटीला लेखी पत्र दिलं आणि प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. आयुक्तालयाकडून सोसायटीला विचारणा आली आणि पंधरा दिवसांत ठराव झाला. उतार १८,००० मध्ये झाला, माझ्या पैशांनी. आता तिथून गॅस सिलिंडर, सायकली, बाळांच्या गाड्या, सगळं त्यावरूनच जातं. भाव पडेल म्हणणारे गृहस्थ गुडघ्याचं ऑपरेशन करून आले तेव्हा त्याच उतारावरून घरी गेले. बाबांनी त्यांना "या, या" म्हणून हात केला. मला जमलं नसतं.

पिठलंभाकर (१० मार्च, रात्री ११:०५)

तुमच्या बाबांना साष्टांग.

पेन्शनरबाग (११ मार्च, सकाळी ६:३०)

कुणी रिव्हर्स मॉर्गेजचं बोलत नाही. मी आणि हिने घेतलंय. साठच्या पुढच्यांना राहतं घर बँकेकडे गहाण ठेवून रक्कम मिळते, हप्ता भरायचा नसतो, दोघांपैकी शेवटचा जाईपर्यंत घर आपलंच. घराची दुरुस्ती, औषधपाणी याला वापरायला परवानगी आहे, आणि मिळालेल्या रकमेवर आयकर नाही. नंतर वारसांनी कर्ज फेडून घर सोडवून घ्यायचं किंवा बँक विकते. २००७ च्या अर्थसंकल्पापासून आहे, पण आमच्या शाखेतल्या मुलालाच माहीत नव्हतं. मीच त्याला परिपत्रक दाखवलं. पैशांतून आख्खं बाथरूम नवं केलं, दारं रुंद केली.

मुलगा चार महिने बोलत नव्हता. त्याचं म्हणणं, माझ्याकडे मागायचे होते. माझं म्हणणं, तू विचारायचं होतंस.

निवृत्तगुरुजी (११ मार्च, सकाळी ७:१५)

घर मुलांसाठीच ठेवायचं हा हट्ट आपल्या पिढीने सोडायला हवा. मी सोडलेला नाही, हेही खरं.

शिवारफेरी (११ मार्च, रात्री ९:००)

ग्रामपंचायतीत आयुष्य गेलं, तेव्हा दोन शब्द. पेन्शनरबाग काकांची योजना नदीकाठ यांना अवघड. गावठाणातल्या घराला बहुतेक ठिकाणी नमुना आठचा (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीचा) उताराच असतो, त्यावर बँक नाक मुरडते. ड्रोनने मोजणी होऊन स्वामित्व योजनेत मालमत्तापत्रक मिळालं असेल तर निदान बोलणी सुरू होतात.

संडासाचे १२,००० कुणी सांगितले नाहीत. स्वच्छ भारत ग्रामीणमध्ये वैयक्तिक शौचालयाला तेवढं प्रोत्साहन मिळतं, आणि दारिद्र्यरेषेच्या वरची जी कुटुंबं त्यात धरतात त्यांत अपंग व्यक्ती असलेलं कुटुंबही आहे. मात्र घराला आधी लाभ मिळाला असेल तर पुन्हा नाही.

५ टक्क्यांचं गणित असं. तुमच्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, समजा १० लाख. त्याचे ५ टक्के ५०,००० आणि गावात नोंदलेले दिव्यांग पंचवीस. वाटून प्रत्येकी दोन हजार येतात. म्हणून सरसकट वाटपाऐवजी गरजेप्रमाणे द्यावं असा मुद्दा ग्रामसभेत मांडायला लागतो. तिथे बाकीच्या चोवीस जणांना काय सांगणार तेही ठरवून जा. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात वेगळी चौकशी करा, त्यांच्या ५ टक्क्यांतल्या योजना दरवर्षी बदलतात.

नदीकाठ (११ मार्च, रात्री ९:४०)

परसातला संडास २०१६ ला त्याच १२,००० मध्ये बांधलाय. भिंतीवर वडिलांचं नाव आणि योजनेचं नाव अजून आहे. मागच्या दारापासून एकतीस पावलं. तेव्हा आईच म्हणाली होती, घरात संडास नको, बरं दिसत नाही.

खटपट्या (११ मार्च, रात्री १०:१५)

आमदार निधी?

शिवारफेरी (११ मार्च, रात्री १०:१८)

तुमच्या बाथरूमला सभामंडप म्हणता येत असेल तर बघा.

सदाफुली (१२ मार्च, दुपारी २:००)

एक राहिलं. पलंग, वॉकर, चाकाची खुर्ची विकत घेऊ नका. बहुतेक तालुक्यांच्या गावी रोटरी, लायन्स किंवा ज्येष्ठ नागरिक संघाचं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र असतं. अनामत भरून वापरायचं आणि परत द्यायचं. वर-खाली होणारा पलंग आम्ही आठ महिने असाच वापरला. वाचलेले पैसे भिंतीत घाला.

काटाकाना (१२ मार्च, दुपारी ४:४५)

आणि उंबरा? तो काढणार का? आमच्या घरी सगळे बदल झाले, उंबऱ्याला हात लावायला सासरे तयार नाहीत. वास्तूवाल्याने सांगितलंय लक्ष्मी तिथे अडते.

तिसराजिना (१२ मार्च, दुपारी ४:५२)

आमच्याकडे लक्ष्मी यायच्या आधी आजोबाच अडले. मनगट मोडलं.

पिठलंभाकर (१९ जून, सकाळी ११:२०)

धागा वर काढतेय. नदीकाठ, आई कशा आहेत? पुढे काय झालं?

नदीकाठ (२१ जून, रात्री ९:५५)

आभार, पिठलंभाकर. लिहायचं लिहायचं म्हणून राहून गेलं.

दाखला निघाला. चाकावरचा यांचा निरोप आईला वाचून दाखवला होता. काही बोलली नाही. दोन दिवसांनी वहिनीला म्हणाली, "ते कोल्हापूरवाले गेले असतील तर मीही जाईन सिव्हिलला." तीन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या वेळी डॉक्टर होते. ६२ टक्के, पिवळं कार्ड.

वयोश्रीचा अर्ज भावाच्या खऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यासह भरला, अजून काही नाही. ग्रामपंचायतीचं शिवारफेरी म्हणाले तसंच झालं. ग्रामसभेत मी उभा राहिलो, पण माझ्याआधी एक बाई उभी होती, तिचा बावीस वर्षांचा मुलगा कायम अंथरुणावर, आणि छपराला पत्रा नाही. मी अर्ज हातातच ठेवला आणि खाली बसलो. पुढच्या वर्षी देईन, किंवा नाही देणार. गुरुजी, तुमचा प्रतिसाद आठवत होता.

कराचा हिशेब बाकीशून्य यांच्या सांगण्याप्रमाणे मांडला. गृहकर्जाचं व्याज धरून मला जुनी प्रणाली थोडी बरी पडते, त्यात हे पंचाहत्तर हजार. बाकी रकमेसाठी भावाने पतसंस्थेतून ४०,००० उचलले, उरलेले मी टाकले.

खर्च ९६,००० वर आला. नवीन बांधकाम पडवीतच, पण लहान. उतार सध्या नाही. दार सरकतं, दांड्या डावीकडे. गवंडी लटकला. दुसरी दांडी निघाली, मग त्याने आरपार बोल्ट टाकले आणि एकदम गप्प झाला. पलंग साताऱ्याच्या एका केंद्रातून अनामत भरून आणला.

आई १४ मे पासून स्वतः जाते. वहिनी दाराबाहेर उभी राहते, आतून आई ओरडते, "जा तू, मी काय लहान आहे?"

उंबरा राहिला. पुढच्या दाराचा, चार इंची, सागवानी, वडिलांनी स्वतः बसवलेला. आई काढू देत नाही. शेवटी गावातल्या सुताराने दोन्ही बाजूंनी उतरत्या फळ्या केल्या, उंबऱ्याला खिळा न मारता नुसत्या टेकवलेल्या. सणाला उचलून ठेवते, हळदकुंकू वाहते, परत लावायला लावते. ११०० रुपये.

काटाकाना (२१ जून, रात्री १०:०८)

अहो, त्या सुताराचा नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवाल का? सासऱ्यांना हे चालेल.

नदीकाठ (२१ जून, रात्री १०:३०)

पाठवला. पण तो म्हणतो पुण्यापर्यंत येणार नाही. माप पाठवलंत तर एसटीने फळ्या पाठवीन म्हणाला.